चयापचय आणि अपचन: ‘अप’ कुठे तोडायचा?

एका वाचकाने विचारले आहे: ‘वडिलांचे वजन 130 किलो आहे. डॉक्टरांनी कागदावर “तीव्र लठ्ठपणा, चयापचयाचे विकार” असे लिहिले. ते वाचून आईने ओव्याची बरणी काढली. चयापचय म्हणजे पचनच ना?’

नव्हे, पण आईंची चूक समजण्यासारखी आहे. आपण हा शब्द घाईत ‘चया-पचय’ असा तोडतो आणि कानाला त्यात पचन ऐकू येते. वास्तविक ‘अपचन’ हा शब्द अ + पचन असा फुटतो. त्यातला ‘अ’ नकारार्थी आणि धातू ‘पच्’, म्हणजे शिजवणे. ‘चयापचय’ मात्र चय + अपचय असा आहे. त्यातला धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय, समुच्चय हे त्याच घरातले शब्द. चय म्हणजे भर, आणि ‘अप’ हा उपसर्ग लागला की अपचय म्हणजे झीज, मोड. (पत्रिका पाहणाऱ्यांची 3, 6, 10, 11 ही ‘उपचय’ स्थाने याच ‘चि’ची. हिंदीत तर मेटाबॉलिझमला, म्हणजे चयापचयाला, ‘उपापचय’ असाही शब्द आहे.)

अन्न आतड्यांत फुटून रक्तात उतरले की पचनाचे काम झाले. साखर जाळणे, मेद साठवणे, प्रथिने बांधणे आणि मोडणे ही पेशीपेशीतली अहोरात्रीची उलाढाल म्हणजे चयापचय. म्हणूनच दगड पचवणाऱ्या माणसाचाही चयापचय बिघडलेला असू शकतो. तीव्र लठ्ठपणात मेदपेशींत मावेनासा झालेला मेद यकृतात आणि स्नायूंत साठू लागतो, तेथे इन्सुलिनची मात्रा नीट चालत नाही, आणि मग रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद), रक्तदाब ही सारी मंडळी हातात हात घालून चढतात. कंबरेचा घेर (भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर वा अधिक), उपाशीपोटी 100 किंवा त्याहून जास्त साखर, वाढलेला रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले ‘चांगले’ कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन आढळले, की डॉक्टर ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. त्याला ‘चयापचय संलक्षण’ असा प्रतिशब्द आहे खरा, पण तो घरच्यांच्या तोंडी बसणारा नाही. डॉक्टरांचे ‘चयापचयाचे विकार’ मला अधिक पसंत आहे.

संचयाप्रमाणे चयापचयही पुल्लिंगी: तो बिघडला, ‘ते बिघडले’ नव्हे. ओवा मात्र अपचनासाठी राखून ठेवावा.