मोझेस इटौमा उसिकला हरवू शकेल का?

इटौमा हा ब्रिटनचा तरुण हेवीवेट (सगळ्यात जड वजनगटाचा) बॉक्सर, उसिक हा युक्रेनचा कसलेला हेवीवेट. आज लढत लावली तर नाही. उसिक जिंकेल, आणि माझ्या अंदाजाने आठव्या राउंडनंतर जिंकेल.

तुमचं म्हणणं असं की ज्या पोराने ऑगस्ट 2025 मध्ये रियाधला डिलियन व्हाइटसारख्या मुरलेल्या गड्याला पहिल्याच राउंडला झोपवलं, त्याला उसिक का जड जावा? प्रश्न रास्त आहे. मी धुळ्यात संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, त्या लढतीनंतर माझी पोरंही हेच विचारत होती.

इटौमाचं त्याला द्यायलाच हवं. डिसेंबर 2004 चा जन्म, डावखुरा. 2022 मध्ये स्पेनला झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत 92 किलोवरच्या गटाचं सुवर्ण त्याचं. (आपल्या पुण्याच्या देविका घोरपडेने 52 किलोत सुवर्ण घेतलं ते याच स्पर्धेत. तिचंही नाव पोरांना माहीत असायला हवं.) व्हाइट धरून 13 लढती, 13 विजय, त्यातले 11 नॉकआउट. एवढ्या वजनाच्या माणसाचे हात इतके झपझप चालताना क्वचितच बघायला मिळतात.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने बघा. ज्या दोन लढतींत नॉकआउट झाला नाही, त्या सहा-सहा राउंडच्या होत्या. म्हणजे व्हाइटला पाडेपर्यंत सातवा राउंड कसा असतो, हे इटौमाला रिंगमध्ये कळायची वेळच आली नव्हती. आणि उसिकचं काम तिथूनच सुरू होतं.

मे 2024 ची उसिक आणि ब्रिटनच्या टायसन फ्युरीची लढत पुन्हा लावून बघा. पाचव्या, सहाव्या, सातव्या राउंडला फ्युरी पोटात अपरकट (खालून वर येणारा ठोसा) घालतोय आणि उसिक मागे सरकतोय. तिथे बंद केलंत तर वाटेल, फ्युरी जिंकला. मग आठव्यात उसिकचा डावा हात लागायला लागतो. नवव्यात तो फ्युरीला एका दोरावरून दुसऱ्या दोरावर असा ढकलत नेतो की दोर नसते तर फ्युरी खाली गेला असता, रेफ्रीला मध्ये पडून आकडे मोजावे लागले. निकाल फाटाफुटीचा लागला, दोन पंच उसिककडे आणि एक फ्युरीकडे, पण ती लढत त्या एका राउंडने फिरवली. डिसेंबर 2024 च्या दुसऱ्या लढतीत फ्युरी जवळपास 25 किलोंनी जड होता, तरी तिन्ही पंचांनी 116-112 उसिकलाच दिले.

हे होतं कशामुळे? पायांमुळे. उसिकचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बऱ्याचदा दुखवायला नसतोच. तो तुम्हाला हलवायला असतो. जॅब टाकला, पाऊल बाजूला गेलं, आता तुम्ही वळा. वळलात की तो पुन्हा दुसरीकडे. प्रत्येक वळणाला तुमच्या मांड्या थोड्या थोड्या खर्च होतात, आणि ते त्या क्षणी कळतही नाही.

माझ्याकडे बरीच पोरं तालमीतून येतात. चाळीसगावकडच्या विजय चौधरींनी 2014, 2015, 2016 असा तीनदा महाराष्ट्र केसरी मारला, तेव्हापासून आमच्या खान्देशात गावोगावी आईबाप पोराला तालमीत घालायला तयार असतात. अंगात रग असते, पहिल्या राउंडला पॅड धरणाऱ्याचे खांदे भरून येतात. पण मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची. त्याच पोराला पाचव्या राउंडपर्यंत पॅडवर ठेवा. आधी पुढचा हात हनुवटीवरून चार बोटं खाली येतो. मग ठोसा मारल्यावर मागचा पाय जागेवर परत येत नाही, तिथेच राहतो. पोरगा म्हणतो, ‘सर, दमलो नाही.’ त्याला खरंच दमल्यासारखं वाटत नसतं. हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत बारा राउंड म्हणजे छत्तीस मिनिटांची असते, आणि तो राहिलेला पाय उसिकला पहिल्या झटक्यात दिसतो.

तरीही इटौमाला वाट आहे, आणि मला ती बारीक वाटत नाही.

एक म्हणजे दोघेही डावखुरे. उसिकने हरवलेले जोशुआ, ड्युबॉ आणि बहुतेक वेळ फ्युरीसुद्धा उजव्या हाताच्या पवित्र्यात उभे राहणारे. त्यांच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाऊल टाकून उसिक आपल्या डाव्या हाताला रस्ता मोकळा करतो. समोर डावखुरा आला की हा हिशोबच बदलतो. याची चर्चा फार कमी होते.

दुसरं, पोट. ब्रिटनच्या चिसोराने 2020 मध्ये सुरुवातीच्या राउंडना अंगावर जाऊन उसिकला त्रास दिला, फ्युरीने तर पोटावरच गुण कमावले. इटौमाने डोकं शोधत बसण्यापेक्षा पहिल्या चार राउंडमध्ये बरगड्या फोडाव्यात.

तिसरं, वय. उसिकचा जन्म जानेवारी 1987 चा. 1978 मध्ये 36 वर्षांच्या मुहम्मद अलीला लिऑन स्पिंक्सने हरवलं, ती स्पिंक्सची जेमतेम आठवी व्यावसायिक लढत होती. मात्र अलीने तेव्हा तयारी नीट केली नव्हती. उसिक सरावात ढिला पडल्याचं अजून तरी दिसलेलं नाही. जुलै 2025 ला वेम्बलीवर त्याने ड्युबॉला पाचव्या राउंडला पाडलं, तेव्हा तो 38 वर्षांचा होता.

म्हणून इटौमाच्या माणसांनी घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. त्याला आधी असे गडी द्या जे पडत नाहीत, जे त्याला दहाव्या राउंडपर्यंत ओढत नेतील. अशा दोन लढती तो नीट जिंकला आणि तोवर उसिक रिंगमध्ये असला, तर मी इटौमाला निम्मी निम्मी संधी देईन. आज दहात दोन.