मक्याचा अफ्लाटॉक्सिन रिपोर्ट पास आला, मग माल बिनधास्त घ्यायचा का?

सांगलीत पशुखाद्यासाठी मका घेताय आणि व्यापाऱ्याने अफ्लाटॉक्सिनचा (मक्यावरच्या बुरशीच्या विषाचा) पास रिपोर्ट दाखवलाय, तर आधी एकच विचारा, सॅम्पल कुणी आणि कसं काढलं. कारण घोळ मशीनपेक्षा सॅम्पलमध्ये जास्त होतो. बुरशीचं विष सगळ्या ढिगात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत प्रचंड असतं आणि बाकीचे एकदम स्वच्छ, त्यामुळे वरच्या पोत्यातली ओंजळभर मका पाठवली की रिपोर्ट बऱ्याचदा चांगला येतो आणि लॅबची त्यात काही चूक नसते, त्यांनी आलेलं सॅम्पल तपासलं, तुमची गाडी नाही! बऱ्याच रिपोर्टवर तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, वाचून बघा.

गाडी उतरताना वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडं थोडं काढा, निदान पाच किलो तरी होऊ द्या, मग सगळं बारीक दळून नीट मिसळून त्यातलं लॅबला द्या. अख्खे दाणे देऊ नका.

स्ट्रिप टेस्ट (पट्टीवरची जागच्या जागी तपासणी) झटपट चाळणीला ठीक आहे, पण आकडा मर्यादेच्या आसपास आला तर एचपीएलसी (लॅबमधल्या मशीनवरची नेमकी तपासणी) कराच. आपल्याकडे माणसांच्या खाण्याच्या धान्याला मर्यादा १५ पीपीबी (अब्ज भागांत १५ भाग) आहे, युरोपात अशा बहुतेक धान्याला ४. लॅबला एनएबीएल (लॅबच्या तपासणीची राष्ट्रीय मान्यता) आहे म्हणतात तेव्हा ते याच टेस्टसाठी आहे का तेही बघा.

आणि गायी-म्हशींना घालणार असाल तर अजिबात हयगय नको, हे विष दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. ते दूध पोरंच पितात हो.