वाचकांचे प्रश्न : पाचव्या तासाला तो बंद पडतो

प्रश्न : मुलगा नववीत आहे, वर्गात ६२ मुलं. सहाव्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. अभ्यासात बरा आहे. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन-तीनदा मधल्या सुट्टीनंतरच्या हिंदीच्या तासाला तो बाकावर डोकं टेकून बसतो. हाक मारली तरी ओ देत नाही. सर म्हणतात, नाटकं करतो. एकदा त्यांनी दंड धरून उठवलं तर हात झटकला, म्हणून डायरीत ‘उद्धट वर्तन’ असा शेरा आला. घरी आल्यावर तासभर पांघरूण डोक्यावर घेऊन पडतो. काय करावं? (एक आई, ठाणे)

उत्तर : सरांना आधी एवढं सांगा की हे नाटक नाही, आणि हिंदीशी तर याचा बहुधा संबंधच नाही.

आवाज, उजेड, माणसं, सूचना हे सगळं झेपेनासं झालं की काही ऑटिस्टिक मुलं ओरडतात, वस्तू फेकतात. तो मेल्टडाऊन. काही आतल्या आत बंद होतात. तो शटडाऊन. मूळ एकच, पण दुसऱ्याचा वर्गाला उपद्रव नसतो म्हणून कुणी तो मनावर घेत नाही. बहुतेकदा आधी बोलणं जातं, मग हालचाल मंदावते. ‘वही काढ’ हे ऐकू येतं, कळतंही, पण हात दप्तराकडे जात नाही. अशा वेळी अचानक झालेला स्पर्श चटका बसल्यासारखा वाटू शकतो. हात झटकला तो त्यामुळे.

मग हिंदीचाच तास का? कारण त्याआधी मधली सुट्टी आहे. सुट्टी म्हणजे विश्रांती हा आपला समज. स्टीलच्या डब्यांचा खणखणाट, साठ डब्यांचे साठ वास, धक्काबुक्की, कोणाशी काय बोलायचं याचा पत्ता नाही. त्याच्यासाठी दिवसातला सगळ्यात कष्टाचा अर्धा तास तोच असू शकतो. मात्र हा आमचा अंदाज झाला. खात्री करायला एक वही घाला आणि तीन आठवडे नोंद ठेवा: दिवस, तास, त्याआधीच्या दोन तासांत काय झालं, तो कुठे बसला होता, रात्री किती झोपला, डबा खाल्ला का (हे तर परत आलेल्या डब्यावरूनच कळतं), आणि किती वेळाने पहिला शब्द बोलला. शाळेतल्या नोंदी वर्गशिक्षकांकडून घ्या, त्याला लिहायला लावू नका. आठवड्याला दोन-तीन म्हणजे सहा ते नऊ प्रसंग हाती येतील. त्यात काय पुन्हा पुन्हा येतं ते दिसेल. दिवाळीनंतर काय बदललं तेही तपासा: बाकाची जागा, नवे शिक्षक, गॅदरिंगच्या तालमींचा लाऊडस्पीकर. कुणी छळत असेल तर ‘कोण त्रास देतं?’ या प्रश्नाला उत्तर मिळेलच असं नाही. शाळेचा साधा नकाशा काढून ‘नकोशा जागांवर फुली मार’ म्हणा.

नंतर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला दोन आठवडे द्या. सुरुवात सुट्टीपासून: दहा मिनिटांत डबा, उरलेला वेळ ग्रंथालयात. एकदम पाच बदल केले तर कशाने फरक पडला हे कळत नाही, शिवाय पाच बदल हाच त्याच्यावर नवा भार. फोमचे इअरप्लग सुट्टीत आणि बसमध्ये चालतील. दिवसभर नकोत, कारण कानांना शांततेची सवय लागली की नेहमीचे आवाजही मोठे वाटू लागतात.

सोबत एक कार्ड करा. व्हिजिटिंग कार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, शर्टाच्या खिशात राहणारं. ते बाकावर ठेवलं की काही न बोलता ठरलेल्या खोलीत जायचं. ही युक्ती फसते ती तीन कारणांनी. शिक्षक ‘कुठे? कशाला?’ विचारतात आणि त्या वेळी बोलणंच गेलेलं असतं. खोलीला कुलूप असतं. किंवा कार्ड काढायला उशीर होतो, कारण पूर्ण बंद पडल्यावर ते उचलणंही जमत नाही. म्हणून आधीची खूण ओळखा. काही मुलांची उत्तरं एका शब्दावर येतात. काहींचं पेनाच्या टोपणाशी सतत चाललेलं उघडमीट अचानक थांबतं. कार्ड तेव्हाच काढायचं, आणि बरं असताना पाच-सहा वेळा सराव करून घ्यायचा.

शेऱ्याबद्दल मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि या सोयी लेखीच मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणं मान्यताप्राप्त शाळेवर बंधनकारक आहे. घरचा तो पांघरुणातला तास मात्र त्याचा त्याला द्या. ‘आज काय झालं?’ हे जेवणं झाल्यावर, जमल्यास चिठ्ठीवर विचारा.

प्रश्न : माझ्या वर्गात आठवीतली अशी मुलगी आहे. बाकीची ५८ मुलं सांभाळून त्या क्षणी नेमकं काय करायचं? (वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बाई, करायचं कमी आणि थांबवायचं जास्त. जवळ जाऊन, पण अंगाला हात न लावता, हळू आवाजात एकदाच सांगा: ‘मी इथे आहे. आत्ता काही करायचं नाही.’ मग गप्प राहा. तेच वाक्य पुन्हा म्हणणं हाही तिच्या कानांवर माराच. तिच्या डोक्यावरची ट्यूब बंद करा, शेजारणीला दुसरीकडे बसवा, वर्गाला ‘तिला बरं नाही, शांत बसू द्या’ एवढंच सांगून धडा पुढे चालू ठेवा. सगळा वर्ग वळून बघत राहिला तर केलेलं फुकट.

दहा मिनिटांनी तिच्यासमोर चिठ्ठी ठेवा. त्यावर दोनच पर्याय: ‘इथेच थांबते’, ‘ग्रंथालयात जाते’. बोट टेकवलं तरी उत्तर झालं. ‘काय हवंय?’ विचारू नका, त्याचं उत्तर जुळवावं लागतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ठेवा. सावरायला वीस मिनिटं लागतात, कधी दोन तासही. बोट हलतं, पाणी पिते, मान डोलावते; बोलणं बहुधा सगळ्यात शेवटी येतं. मान डोलावली म्हणजे चाचणी द्यायला तयार, असं धरू नका.

खरा घोळ होतो तास बदलताना. पुढचे सर येतात, ‘उभी राहा!’ म्हणतात आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून घंटा झाल्यावर स्वतः दाराशी थांबून त्यांना सांगा. बुडालेल्या धड्याचा फोटो घरी पाठवा, दुप्पट गृहपाठ नको. माफीही मागायला लावू नका.

प्रश्न : माझ्या मुलाचं असं बंद पडणं फिटचं असू शकतं का? डॉक्टरांनी ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी) सांगितला आहे. (वडील, नाशिक)

उत्तर : करून घ्या. ऑटिझम असलेल्यांत अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं, प्रमाण जास्त असतं आणि किशोरवय हे तो सुरू होण्याचं एक वय आहे. अशी फिट बहुधा अचानक येते, काही सेकंद ते दोनेक मिनिटांत संपते, वर्ग शांत असतानाही येते. डोळे फडफडतात, ओठ चाळवतात आणि नंतर काही आठवत नाही. शटडाऊन चढत जातो, हळूहळू उतरतो, आणि आजूबाजूला कोण काय बोललं ते मूल पुष्कळदा नंतर सांगू शकतं. घरी घडलं तर लांबून मिनिटभराचा व्हिडिओ काढा, फक्त डॉक्टरांसाठी.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. मंदपणा रोजचा आणि दिवसभराचा झाला, मूल उंबऱ्यावरच अडकून उभं राहू लागलं, घास हातात तसाच राहू लागला, तर तो कॅटाटोनिया (हालचाल आणि बोलणं गोठण्याचा विकार) असू शकतो. लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. पाणी पिणं सुटलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : दहावीच्या पेपरात असं झालं तर? (आई, पुणे)

उत्तर : सवलतींचा प्रस्ताव दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तेव्हा नववी संपतानाच कागद गोळा करा. ताशी २० मिनिटं जादा मिळतात: तीन तासांच्या भाषेच्या पेपराला एक तास, गणिताच्या दोन तासांच्या पेपराला ४० मिनिटं. पण पेपराच्या मध्येच बंद पडल्यावर हा वेळ पुरेलच असं नाही. म्हणून केंद्रावर आदल्या आठवड्यात जाऊन खोली, पंखा, स्वच्छतागृह दाखवून आणा. पर्यवेक्षकांसाठी कार्डाची एक प्रत केंद्रसंचालकांकडे द्या. आणि शाळेची पूर्वपरीक्षा जादा वेळ धरून, लेखनिक घेणार असाल तर त्याच लेखनिकासोबत होऊ द्या.