पेलेट शेगडी जळते, पण खोली तापत नाही

प्रश्न : आम्ही अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो. घर तापवण्यासाठी आमच्याकडे पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर, चालणारी शेगडी आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत दिवसाला ४० पौंडांची एक पिशवी पुरत असे आणि बैठकीची खोली २१ अंशांवर राहत असे. यंदा दीड पिशवी संपते, तरी पारा १७ अंशांच्या वर जात नाही. ज्योत उंच, नारिंगी आणि संथ दिसते, दाराची काच दिवसभरात काळी होते आणि पुढच्या जाळीतून येणारी हवा जेमतेम कोमट असते. पेलेट सोडण्याचा वेग वाढवून पाहिला, पण उपयोग झाला नाही. शेगडी बदलावी लागेल का?

उत्तर : शेगडी बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो, आणि एक किलो चांगल्या पेलेटमध्ये पावणेपाच युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे पूर्वी आपण दिवसाला सुमारे ८५ युनिट उष्णतेचे इंधन जाळत होता आणि आता सुमारे १३० युनिटांचे जाळत आहात. यंदाची थंडी अधिक कडक असली तरी जाळीतून येणारी हवा कोमट असण्याचे कारण ते नव्हे. जास्त इंधन जळूनही ती हवा तापत नसेल, तर इंधन पुरते जळत नाही आणि जी उष्णता निर्माण होते तिचा मोठा भाग नळीवाटे घराबाहेर जातो, असाच निष्कर्ष निघतो.

या शेगडीत हवेचे दोन वेगळे प्रवाह असतात आणि ते एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. पहिला प्रवाह ज्वलनाचा : धूर बाहेर फेकणारा पंखा आत ओढ निर्माण करतो आणि त्या ओढीने बाहेरची हवा पेलेट जळण्याच्या भांड्याच्या भोकांतून वर येते. दुसरा प्रवाह खोलीचा : वेगळा पंखा खोलीतील हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून पुढे सोडतो. संथ नारिंगी ज्योत आणि काळी काच ही पहिला प्रवाह अपुरा असल्याची खूण आहे. कोमट हवा नळ्यांवर राखेचा थर बसल्याची किंवा दुसरा पंखा मंदावल्याची. पहिला प्रवाह अपुरा असताना पेलेटचा वेग वाढवला की काजळी वाढते, ती नळ्यांवर बसते आणि उष्णता आणखी कमी मिळते. म्हणून तो वेग प्रथम पूर्ववत करावा.

त्यानंतर शेगडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी आणि प्लग काढावा. राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहू शकतो. त्यामुळे घरातील नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर येथे मुळीच वापरू नये. राखेसाठी मिळणारा धातूच्या टाकीचा व्हॅक्यूम वापरावा आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून ती बादली लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी.

जळण्याचे भांडे उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरावे. प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. तळाशी काचेसारखा कडक, करडा खडा चिकटलेला आढळला, तर ती वितळून घट्ट झालेली राख आहे. ती खरवडून काढावी. बुजलेली भोके त्याच मापाचे ड्रिलचे पाते हाताने फिरवून मोकळी करावीत, मात्र ती मोठी होऊ देऊ नयेत. भांडे परत बसवताना त्याच्या बैठकीवर राख राहिली, तर हवा भोकांऐवजी कडेच्या फटीतून जाते आणि बाकी सर्व साफ असूनही ज्योत सुधारत नाही. ही बारीक गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते.

आपल्या बाबतीत सर्वाधिक वेळ द्यावा तो उष्णता खोलीच्या हवेला देणाऱ्या नळ्यांना. राखेचा पातळ थरही उष्णता अडवतो. पुष्कळ शेगड्यांत त्या खरवडण्यासाठी पुढे-मागे ओढायचा दांडा असतो, परंतु तो नळ्यांची मागची बाजू साफ करत नाही. आतील मागच्या पट्ट्या काढल्यावर धुराचे मार्ग आणि दोन्ही बाजूंचे राखेचे कप्पे दिसतात. वर्षानुवर्षे न उघडलेले कप्पे तोंडापर्यंत भरलेले आढळतात. तेथून धूर ओढणाऱ्या पंख्याची पाती, मग बाहेर जाणारी नळी आणि शेवटी भिंतीबाहेरच्या टोपीची जाळी, अशा क्रमाने स्वच्छता करावी. पंखा उघडल्यास त्याखालचे गॅस्केट नवे घालावे. नळीचा कोणताही सांधा सैल ठेवू नये, कारण पंख्यापुढील नळीत दाब असतो आणि धूर घरात शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र घरात चालू असलेच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो.

दाराच्या दोरीसारख्या गॅस्केटची परीक्षा सोपी आहे. थंड शेगडीचे दार कागदाच्या पट्टीवर बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघाली, तर तेथून हवा आत शिरते आणि भांड्याला तेवढी कमी मिळते. खोलीच्या हवेच्या पंख्यावर धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस साचतात. तोही साफ करावा.

एवढे करूनही ज्योत आखूड, चपळ आणि तेजस्वी पिवळी झाली नाही, तर पेलेटकडे वळावे. अमेरिकेतील पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रीमियम प्रतीत राख १ टक्क्यापर्यंत आणि ओलावा ८ टक्क्यांपर्यंत चालतो. दुसऱ्या उत्पादकाच्या दोन-तीन पिशव्या आणून फरक पाहावा. पिशव्या गॅरेजच्या काँक्रीटवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, कारण ओल लागलेले पेलेट फुगून भुगा होतात. पेलेट बदलूनही सुधारणा नसेल, तर तंत्रज्ञाला बोलावून धुराच्या पंख्याची ओढ मोजून घ्यावी. थकलेली मोटर फिरताना दिसते, पण ओढ कमी देते.

प्रश्न : आमची पेलेट शेगडी उत्तम तापते, परंतु मागच्या शयनकक्षात गारठा राहतो. अधिक मोठी शेगडी घ्यावी का? (एक वाचक, ओंटारियो)

उत्तर : घेऊ नये. मोठी शेगडी बैठकीची खोली नकोशी तापवील आणि शयनकक्ष बहुधा तसाच राहील. लहान टेबल पंखा शयनकक्षाच्या दाराशी जमिनीवर, शेगडीच्या दिशेने तोंड करून, मंद वेगात चालवावा. गार हवा जड असल्याने जमिनीलगत असते. ती बाहेर ढकलली की तिची जागा घेण्यासाठी छताजवळची उबदार हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप आत येते. उबदार हवा आत ढकलण्यापेक्षा हा मार्ग बहुतेक घरांत अधिक चांगला ठरतो. दाराच्या चौकटीला वर आणि खाली कागदाची एकेक अरुंद पट्टी चिकटवली, तर हवा कोणत्या दिशेने वाहते ते लगेच दिसेल आणि त्यानुसार पंख्याची जागा ठरवता येईल.