शनिवारी रात्री मोडणारा बेत

"बेत मीच आखते आणि मीच मोडते. मी आळशी आहे का हो?" समुपदेशनाला आलेल्या ४१ वर्षांच्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नव्या गावात येऊन दोन वर्षं झाली, तरी घर आणि ऑफिस यापलीकडे त्यांचा वावर नव्हता. दर रविवारी सकाळी साडेसहाला पक्षी बघायला निघणाऱ्या एका गटाची माहिती नऊ महिने त्यांच्या फोनमध्ये पडून होती. सोमवारी उत्साह, शुक्रवारी शंका आणि शनिवारी रात्री नऊच्या सुमारास, "या वेळी राहू दे."

आळशी माणसाला बेत मोडल्याची रुखरुख लागत नाही. यांना रात्री हायसं वाटायचं आणि सकाळी हळहळ. दुखणं त्या हायसं वाटण्यातच आहे. टाळलं की काळजी तत्काळ उतरते, मन ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या शनिवारी टाळणं आणखी सोपं होतं. स्वतःला कितीही दटावलं तरी हे चक्र थांबत नाही.

म्हणून आधी निर्णयाची वेळ हलवली. शनिवारी रात्री काहीही ठरवायचं नाही. जायचं की नाही हे रविवारी सकाळी, पायात चपला घालून, दाराबाहेर उभं राहून ठरवायचं. तिथून परत फिरायची मुभा होती, पण एकदा कुलूप लावल्यावर माणूस सहसा फिरत नाही.

मग 'तिथे जाणं' ही एकच मोठी गोष्ट सुटी केली. नेमकी भीती कशाची? एकाही पक्ष्याचं नाव येत नाही, दुर्बीण नाही, बाकीचे एकमेकांना ओळखत असणार, मध्येच निघावंसं वाटलं तर काय. यातल्या निम्म्या शंका एका फोनने मिटणाऱ्या होत्या. उरलेल्यांची शिडी केली, आणि प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये काळजीचे गुण दिले. भीतीची अशी चढती यादी करण्याची पद्धत मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात रुजवली, आणि ती अजून तितकीच कामाची आहे. फोन करून तीन प्रश्न विचारणं, २०. एरवीच्या एखाद्या संध्याकाळी जमण्याच्या जागी जाऊन मोबाइल न काढता वीस मिनिटं बसणं, ३०. रविवारी लांबून गट जमताना बघून परत येणं, ४५. पहिला अर्धा तास गटाबरोबर चालणं, ६५. पूर्ण दोन तास, ७५. अनोळखी माणसाला आपणहून प्रश्न विचारणं, ८५. सुरुवात ३०च्या आसपास करावी. २०ची पायरी फार तर सरावाची, आणि थेट ७०ला हात घातला तर बहुतेक वेळा माणूस पुन्हा वर्षभर घरी बसतो. एकच पायरी आठवड्यात दोन-तीनदा करायची, आणि गुण निम्म्यावर आले की वरची धरायची.

गाडी अडली ती चौथ्या पायरीवर. बाई नणंदेला सोबत घेऊन गेल्या, अर्धा तास छान गेला, आणि पुढच्या वेळचे गुण ६५ वरून ७० झाले! कारण सगळं श्रेय मनाने नणंदेला देऊन टाकलं होतं. कानातला इअरफोन, सतत हातात धरलेला फोन, उशिरा पोचून मागे राहणं हीसुद्धा अशीच कुबडी. उशिरा पोचणं तर उलटंच पडतं: तोवर घोळके जमलेले असतात आणि सगळ्यांच्या नजरा येणाऱ्याकडे वळतात. दहा मिनिटं आधी पोचलं तर एक-दोघंच असतात आणि बोलणं आपसूक सुरू होतं. पुढच्या रविवारी नणंद आल्या, पण वीस मिनिटांनी. त्यापुढच्या रविवारी आल्याच नाहीत.

प्रत्येक खेपेला निघण्याआधी एका कागदावर भाकीत लिहायचं, परत आल्यावर त्यापुढे घडलं ते. तो कागद आम्ही एकत्र वाचायचो. डावीकडे: "कोणी बोलणार नाही, मी झाडाला टेकून एकटी उभी असेन. खात्री ८० टक्के." उजवीकडे: "झाडाला टेकले होते खरी. पाच मिनिटं. मग एका आजोबांनी स्वतःची दुर्बीण हातात दिली." भाकीत घरी पोचल्यावर लिहिलं तर उपयोग शून्य, मन मागाहून म्हणतं, मला माहीतच होतं.

'सगळे माझ्याकडे बघतात' याबद्दल कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्ही त्यांना सांगितला. ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांच्या तरी लक्षात आला असेल. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाच्याच आला होता.

एक सावधगिरी. नव्या जागेची धास्ती वेगळी, आणि रोजचा प्रवास, खरेदी, कामावर जाणंही सुटत चालणं वेगळं. अचानक छाती धडधडून गुदमरल्यासारखं वारंवार होत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर शिडी नंतर, डॉक्टरांची भेट आधी.

पाचव्या रविवारी बाईंचे काळजीचे गुण २५ वर आले. मग दहा मिनिटं इकडचंतिकडचं बोलून त्यांनी चाचरत सांगितलं, "खरं सांगू? पक्ष्यांत मला तितकीशी गोडी नाही." ही पळवाट आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आमचा ठोकताळा असा: गुण ६०च्या वर असताना सोडलं तर ते टाळणं, ३०च्या खाली आल्यावर सोडलं तर ती आवडनिवड. त्यांनी गट सोडला.

आता मातीकामाचा वर्ग आहे. त्याची शिडी चारच पायऱ्यांची झाली, आणि पहिली, म्हणजे फोन, त्यांनी कागदावर लिहिलीच नाही. आमच्यासमोर बसूनच लावला.