नवऱ्याला टीबी निघालाय, उपचार खासगीत चालू आहेत. आशाताईंना आधार कार्ड द्यावं का?

द्या ताई, बिनधास्त द्या. मी तालुक्याच्या क्षयरोग पथकात सुपरवायझर आहे, म्हणजे तुमच्या दारात आलेल्या आशाताईला पाठवणाऱ्यांपैकीच एक. तुम्हाला गावात बोभाटा होण्याची भीती आहे, सासूबाईंनी नवऱ्याचं ताट-वाटी वेगळं केलंय आणि घरात चार वर्षांचा मुलगा आहे. यात मला काळजी वाटते ती मुलाची, बाकीचं निस्तरता येतं.

टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं, निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नाव चढलं आणि आशाताई आली. आधार आणि पासबुक लागतं ते पोषण आहाराच्या पैशांसाठी. महिन्याला 1000 रुपये, नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते. खासगीतल्या रुग्णालाही मिळतात. वेळेवर पडतील असं छातीठोकपणे सांगत नाही, खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हमखास अडकतात. लोकांना कळायला नको असेल तर आशाताईला तसं स्पष्ट सांगा आणि उपकेंद्रावर जाऊन भेटा. असं बरेच जण करतात.

आता ताट-वाटीचं. टीबी उष्ट्या भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूंमुळे पसरतो. 1956 मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या खास रुग्णालयात) ठेवले, निम्म्यांना दाटीवाटीच्या घरीच औषधं दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात टीबीचं प्रमाण काही जास्त निघालं नाही. घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक निदानाआधीच, माणूस नुसताच खोकत असतो तेव्हा, होऊन गेलेली असते. सासूबाईंना एवढंच सांगा: ताट राहू दे, खिडकी उघडा. पहिले काही आठवडे नवऱ्याला हवेशीर खोलीत वेगळं झोपू द्या, खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क. औषध लागू पडलं की संसर्गाचा जोर लवकर ओसरतो.

पण औषध लागू पडतंय का, ते तपासायला हवं. नुसत्या एक्स-रेवर गोळ्या सुरू केल्या असतील तर बेडक्याची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट चाचणी झाली का ते डॉक्टरांना विचारा. झाली नसेल तर सरकारी केंद्रात फुकट होते. (ट्रूनॅट मशीन आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, आम्हाला त्याचं जरा कौतुक.) जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे त्यात कळतं. नमुना सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला हवा. आमच्याकडे कितीतरी डब्यांत नुसती लाळ येते आणि सगळा खेळखंडोबा होतो.

मुलाला लगेच दाखवा. बीसीजी टोचली आहे म्हणून गाफील राहू नका, त्या लशीने लहान मुलांमधला मेंदूचा टीबी बराचसा टळतो, पण लागणच होत नाही असं नाही. खोकला, ताप, वजन न वाढणं यातलं काही आहे का ते डॉक्टर बघतील. टीबी नसेल तर प्रतिबंधक गोळ्या देतील. एवढ्या लहान वयात सहसा आयसोनियाझिड, रोज, सहा महिने. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. धडधाकट पोराला कशाला औषध, असं म्हणून इथेच लोक टाळाटाळ करतात. तुमची आणि सासूबाईंचीही तपासणी होईल.

घरच्या सगळ्यांच्या जेवणाकडेही बघा. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या कुटुंबांना जादा शिधा देऊन अभ्यास केला होता, 2023 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या घरांत नवे रुग्ण सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाले. डाळ, अंडी, शेंगदाणे, जे परवडेल ते.

नवऱ्याची लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते रिफाम्पिसिनमुळे. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं आणि माणूस स्वतःच गोळ्या बंद करून मोकळा होतो. तिथे पाळत ठेवा, कोर्स सहा महिन्यांचा आहे. खासगीतला खर्च झेपेनासा झाला तर त्याच गोळ्या आमच्याकडून फुकट घेता येतात, डॉक्टर बदलावा लागत नाही. 2024 च्या सुरुवातीला गोळ्यांची टंचाई झाली होती, म्हणून पट्टी संपायच्या आठवडाभर आधी आशाताईला आठवण करा.

अडलं तर 1800-11-6666 हा निक्षयचा टोल फ्री नंबर आहे. मुलाला नेताना त्याचं लसीकरणाचं कार्ड बरोबर असू द्या, आणि वजन तिथेच करून घ्या, डोस त्यावर ठरतो.