गेमची आवृत्ती ०.९ आहे, म्हणजे ९० टक्के काम झालं का?

नाही, तसा हिशोब लावता येत नाही. आवृत्ती क्रमांक हा दशांश अपूर्णांक नसतो. टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे वाढतात, म्हणून ०.९ नंतर १.० ऐवजी ०.१० सुद्धा येऊ शकतं. फॅक्टोरिओ हा गेम ०.१८ पर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये थेट १.० झाला. १.० हा आकडा म्हणजे 'आता तयार आहे' अशी घोषणा असते, आणि ती कधी करायची हे पुष्कळदा विक्रीचं गणित ठरवतं.

प्रगती पाहायची तर क्रमांकापेक्षा बदलांची यादी वाचा:
- फक्त शेवटचा आकडा हलतोय (०.९.१, ०.९.२): बहुधा बग दुरुस्ती.
- मधला आकडा वाढला: नवीन काहीतरी आलं, जुने सेव्ह चालतील का ते आधी तपासा.

अर्थात हे नियम कोणावर बंधनकारक नाहीत. ड्वार्फ फोर्ट्रेस या गेममध्ये ०.४७ मधला ४७ खरंच १०० मुख्य उद्दिष्टांच्या यादीवरून आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात येताना मात्र निर्मात्यांनी सुरुवातीचं शून्य काढून सरळ ५०.०१ केलं.